'फॅक्ट' म्हणजे सत्य नव्हे

न्यायालयाच्या निकालपत्रात, सरकारी कचेरीच्या टिपणीत, चौकशी समितीच्या अहवालात आणि वकिलाच्या नोटिशीत जो इंग्रजी शब्द पदोपदी भेटतो तो म्हणजे 'फॅक्ट'. हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे की त्याचा अर्थ विचारावा असे कोणाच्या मनातही येत नाही. फॅक्ट म्हणजे खरी गोष्ट, एवढे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. आणि नेमकी येथेच फसगत होते. कायद्याच्या इंग्रजीत एखाद्या गोष्टीला 'फॅक्ट' म्हटले म्हणजे ती खरी ठरली, असा अर्थ मुळीच होत नाही. जी घडली किंवा नाही, आहे किंवा नाही, याचा निर्णय पुराव्याच्या आधारे करता येतो अशी बाब, एवढाच त्या शब्दाचा तेथे आशय असतो. 'कोर्टापुढील फॅक्ट्स' खरी असतील, खोटी असतील, अर्धी खरी असतील. निर्णय अजून व्हायचा असतो.

हा भेद केवळ कोशकारांच्या कुतूहलाचा विषय असता तर वृत्तपत्राच्या वाचकाला त्याचे प्रयोजन नव्हते. परंतु खात्याच्या नोटिशीला उत्तर देणारा कारकून, प्रतिज्ञापत्रावर सही करणारा शिक्षक, जमिनीचा दावा हरून वरच्या कोर्टाची पायरी चढू पाहणारा शेतकरी, या साऱ्यांचे हित या एका शब्दाच्या अर्थात गुंतलेले आहे. शब्द कळला नाही की आरोप हाच निकाल वाटू लागतो, आणि निकाल हा केवळ आणखी एक आरोप वाटू लागतो. दोन्ही समजुती सारख्याच घातक होत.

मराठी वाचकाची अडचण थोडी अधिक आहे. फॅक्ट या शब्दासाठी मराठीत 'तथ्य' आणि 'वस्तुस्थिती' असे शब्द रूढ आहेत. 'तथ्य' हा शब्द 'तथा' या संस्कृत अव्ययापासून सिद्ध झाला. जे तसे आहे ते तथ्य. 'त्या बातमीत काही तथ्य नाही' असे आपण म्हणतो तेव्हा बातमी खोटी आहे एवढेच सांगावयाचे असते. म्हणजे खरेपणा हा 'तथ्य' या शब्दाच्या पोटातच आहे. 'खोटे तथ्य' किंवा 'नाकारलेली वस्तुस्थिती' हे शब्दप्रयोग मराठी कानाला आंधळ्या डोळसाइतके विसंगत वाटतात. इंग्रजी कायद्याला मात्र अशा प्रयोगांत विसंगती दिसत नाही. तिचे कारण त्या शब्दाच्या जन्मकथेत सापडते.

केलेली गोष्ट

'फॅक्ट' हा शब्द लॅटिन 'फॅक्टम'वरून आला, आणि 'फॅक्टम' हे 'करणे' या अर्थाच्या क्रियापदाचे रूप. शब्दाचा मूळ अर्थ 'केलेली गोष्ट', म्हणजे कृत्य. या कुळातील दुसरी अपत्ये मराठी माणसाच्या चांगल्या ओळखीची आहेत. सतराव्या शतकात सुरतेला इंग्रजांची जी वखार होती तिला ते 'फॅक्टरी' म्हणत, कारण कंपनीच्या वतीने व्यवहार करणारे 'फॅक्टर', म्हणजे गुमास्ते, तेथे राहत. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात उत्पादनाचे जे 'फॅक्टर' भेटतात तेही याच गोत्रातले.

सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्रजीत 'फॅक्ट' म्हणजे कृत्य, आणि त्यातही बहुधा दुष्कृत्य. 'त्याने फॅक्ट कबूल केले' याचा अर्थ त्याने गुन्हा कबूल केला असा होई. सामान्य भाषेतून हा अर्थ पुढे लोपला. पण कायद्याची भाषा जुन्या वाड्यासारखी असते, नवी माणसे राहावयास आली तरी जुने कोनाडे तसेच राहतात. 'ॲक्सेसरी आफ्टर द फॅक्ट' म्हणजे गुन्हा घडून गेल्यानंतर गुन्हेगाराला आसरा किंवा साहाय्य देणारा. यातील 'फॅक्ट' म्हणजे तो गुन्हाच. 'एक्स पोस्ट फॅक्टो' कायदा म्हणजे कृत्य घडून गेल्यावर केलेला आणि त्या जुन्या कृत्याला मागाहून गुन्हा ठरविणारा कायदा. असा कायदा करण्यास अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेने मनाई केली. भारताच्या राज्यघटनेत ते लॅटिन शब्द नाहीत; परंतु कृत्य करतेवेळी अमलात असलेल्या कायद्याचा भंग झाला असेल तरच शिक्षा देता येईल, हे तत्त्व विसाव्या अनुच्छेदात आहे. अर्थशास्त्रज्ञ योजिलेली बचत आणि प्रत्यक्ष झालेली बचत यांत भेद करताना 'एक्स पोस्ट' हे शब्द वापरतात, तेथेही 'घडून गेल्यानंतर' हीच कल्पना आहे.

कृत्य या अर्थाकडून 'निश्चितपणे ठाऊक असलेली गोष्ट' या अर्थाकडे हा शब्द कसा गेला? गुन्ह्याचा खटला उभा राहिला की न्यायसभेपुढे पहिला प्रश्न असा येई : आरोप केलेले कृत्य घडले काय? साक्षी होत, उलट प्रश्न विचारले जात, आणि ज्यूरीचे पंच उत्तर देत. अशा रीतीने 'फॅक्ट' म्हणजे ज्याविषयी साक्षीपुराव्याने निर्णय करावयाचा ती गोष्ट, असा अर्थ रूढ झाला. पुढे निसर्गाचे निरीक्षण करणाऱ्या शास्त्रज्ञांनी, इतिहासकारांनी आणि वार्तापत्रे काढणाऱ्यांनी तो शब्द उचलला. इंग्लंडातील 'फॅक्ट'ची संकल्पना न्यायालयातून विज्ञानाकडे व वृत्तलेखनाकडे गेली, असे प्रतिपादन अमेरिकन अभ्यासक बार्बारा शपिरो यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विस्ताराने केले आहे. या प्रवासात शब्दाचा निष्कर्ष तेवढा बरोबर आला आणि साक्षीपुराव्याची कटकट मागे राहिली. बोलीभाषेतील 'फॅक्ट' आयता सिद्ध झालेला असतो. कायद्यातील 'फॅक्ट' सिद्ध व्हावयाचा असतो.

१८७२ ची व्याख्या

या अर्थाची सर्वांत स्वच्छ मांडणी इंग्लंडात न होता हिंदुस्थानात झाली, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. व्हाइसरॉयच्या कौन्सिलातील विधिसदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केलेला पुराव्याचा कायदा १८७२ साली संमत झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात 'फॅक्ट' या शब्दाची दुहेरी व्याख्या आहे. इंद्रियांना जाणवू शकेल अशी कोणतीही वस्तू, वस्तूंची अवस्था किंवा त्यांचा परस्परसंबंध, हा पहिला भाग. आणि ज्या मानसिक अवस्थेची त्या माणसाला स्वतःला जाणीव असते ती अवस्था, हा दुसरा. एखाद्या ठिकाणी काही वस्तू विशिष्ट क्रमाने मांडलेल्या आहेत, हे फॅक्ट. एका माणसाने काही पाहिले किंवा ऐकले, हे फॅक्ट. त्याने अमुक शब्द उच्चारले, हेही फॅक्ट; मग ते शब्द खरे असोत वा खोटे. त्याचे अमुक मत आहे, अमुक हेतू आहे, लोकांत त्याचा अमुक लौकिक आहे, हीदेखील फॅक्ट्सच.

या व्याख्येत 'खरे' हा शब्द कोठेही नाही. किंबहुना त्याच कलमात पुढे असे म्हटले आहे की फॅक्ट अस्तित्वात आहे अशी न्यायालयाची खात्री पटली तर ते शाबीत झाले. ते अस्तित्वात नाही अशी खात्री पटली तर ते नाशाबीत झाले. आणि दोहोंपैकी काहीच झाले नाही तर ते केवळ 'शाबीत न झालेले' राहिले. अस्तित्वात नसलेल्या गोष्टीलाही कायदा 'फॅक्ट'च म्हणतो, यातच सारे आले. १ जुलै २०२४ पासून या जुन्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, परंतु व्याख्येचा हा गाभा नव्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात कायम राहिला आहे.

शाबीत होण्याची कसोटीही पाहण्यासारखी आहे. कायदा गणितातील सिद्धतेची मागणी करीत नाही. पुढे आलेल्या गोष्टींचा विचार करून न्यायालयाला विश्वास वाटला, किंवा ती गोष्ट इतकी संभवनीय वाटली की एखाद्या समंजस माणसाने त्या परिस्थितीत ती आहे असे धरून वागावे, तर ती शाबीत झाली. समंजस माणूस घर घेताना, मुलीचे लग्न ठरविताना, ठेव ठेवताना जेवढी खात्री करून घेतो तेवढी खात्री, असे म्हणता येईल. फौजदारी खटल्यात मात्र माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असल्यामुळे हीच खात्री वाजवी शंकेला जागा न उरण्याइतकी पक्की असावी लागते.

तिसरी कोटी, म्हणजे 'शाबीत न झालेले', ही सामान्य व्यवहारात सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाते. आरोप शाबीत झाला नाही याचा अर्थ तो खोटा ठरला असा नव्हे. आणि तो खोटा ठरला नाही म्हणून तो खरा असेल, असाही नव्हे. चहाच्या टपरीवर या दोन्ही उड्या एकाच संध्याकाळी मारल्या जातात. कायदा त्या दोहोंच्या मध्ये थांबतो, आणि पुराव्याचा भार ज्याच्यावर होता त्याच्या विरुद्ध निकाल देतो. जो फॅक्ट सांगतो त्यानेच ते शाबीत करावे, हे त्यामागील साधे सूत्र.

कबुलीचे मौन

दिवाणी दाव्यातील कागदपत्रे पाहिली म्हणजे हा अर्थ अधिकच स्पष्ट होतो. दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते की वादपत्रात महत्त्वाची फॅक्ट्स तेवढी सांगावीत, पुरावा सांगू नये. मग प्रतिवादीने कैफियतीत काय करावे? वादीच्या प्रत्येक 'ॲलिगेशन ऑफ फॅक्ट'ला, म्हणजे फॅक्टविषयीच्या प्रत्येक कथनाला, नेमके उत्तर द्यावे. जे नेमकेपणाने नाकारले नाही, ते सामान्यतः कबूल केले असे धरण्यात येते. आणि जे कबूल झाले ते शाबीत करण्याची वादीला गरज उरत नाही. म्हणजे खोटे कथन केवळ समोरच्याच्या आळसाने किंवा अज्ञानाने कायद्याच्या दृष्टीने प्रस्थापित होऊ शकते. 'खरे काय ते कोर्टाला कळेलच' या भाबड्या विश्वासावर गप्प बसणाऱ्यास हे कोणीतरी आधी सांगितले पाहिजे.

प्रतिज्ञापत्राचीही तीच गोष्ट. कचेऱ्यांतून दररोज असंख्य प्रतिज्ञापत्रे छापील मजकुरावर सह्या होऊन जातात. संहितेचा नियम असा की, जी फॅक्ट्स स्वतःच्या माहितीने शाबीत करता येतील तेवढीच प्रतिज्ञेवर सांगावीत. अंतरिम अर्जात नुसता समज सांगण्याची मुभा आहे, पण त्या समजाचा आधार सांगितला पाहिजे. वादपत्राच्या शेवटी जे सत्यापन असते त्यातही कोणता परिच्छेद स्वतःच्या माहितीने लिहिला आणि कोणता दुसऱ्याकडून कळलेल्या व खऱ्या वाटणाऱ्या माहितीवरून लिहिला, हे वेगळे सांगावे लागते. पाहिले काय, ऐकले काय आणि मानले काय, या तिन्हींची सरमिसळ होऊ नये एवढ्यासाठी हा खटाटोप आहे. छापील ओळीवर सही करणारा मात्र तिन्ही एकाच शाईने कबूल करून मोकळा होतो.

मनातील गोष्टही फॅक्ट

माणसाचा हेतू हे फॅक्ट कसे, असा प्रश्न कोणी विचारील. या प्रश्नाचे प्रसिद्ध उत्तर १८८५ च्या एका इंग्लिश खटल्यात मिळते. एका कंपनीच्या संचालकांनी कर्जरोखे विकताना पत्रक काढले, की हा पैसा इमारतींची सुधारणा करणे, घोडे व गाड्या घेणे आणि व्यवसाय वाढविणे यासाठी हवा आहे. खरा हेतू गळ्याशी आलेली देणी भागविण्याचा होता. एजिंग्टन नावाच्या गृहस्थांनी त्या पत्रकावर विसंबून दीड हजार पौंड दिले. पैसा कशासाठी वापरावयाचा हा भविष्यातील इरादा झाला, ते काही फॅक्ट नव्हे, असा बचाव करण्यात आला. न्यायमूर्ती बोवेन यांनी तो फेटाळताना म्हटले की माणसाच्या मनाची अवस्था हे त्याच्या पचनशक्तीच्या अवस्थेइतकेच फॅक्ट आहे. ते शाबीत करणे कठीण, एवढेच. भारतातील कराराच्या कायद्याने हीच गोष्ट तेरा वर्षे आधी, १८७२ सालीच सांगितली होती. पाळण्याचा मुळीच इरादा नसताना दिलेले वचन ही त्याच्या सतराव्या कलमान्वये फसवणूक होय. त्याच कलमात फसवणुकीचा आणखी एक प्रकार सांगितला आहे : जे खरे नाही ते, स्वतःला खरे वाटत नसताना, 'फॅक्ट म्हणून' सुचविणे. खोटी गोष्ट फॅक्टचा पोशाख घालून येऊ शकते, हे कायद्याने येथे उघडच मान्य केले आहे.

मत आणि फॅक्ट यांमधील सीमारेषाही दिसते तितकी सरळ नाही. १८८४ च्या एका खटल्यात एक हॉटेल विकताना विक्रेत्याने तेथील भाडेकरूचे वर्णन 'अत्यंत चांगला भाडेकरू' असे केले होते. प्रत्यक्षात भाडे थकत होते. 'चांगला' हे तर माझे मत, असे विक्रेत्याला म्हणता आले नाही. दोन्ही बाजूंना माहिती सारखी असेल तर मत हे मत; परंतु एकालाच सारे ठाऊक असेल तेव्हा त्याच्या मतात 'असे म्हणण्यास माझ्याजवळ कारणे आहेत' हे एक फॅक्ट गर्भित असते, असे न्यायालयाने ठरविले. आज घरबांधणीच्या किंवा गुंतवणुकीच्या जाहिरातीतील विशेषणे वाचताना हे तत्त्व मनाशी बाळगणे हिताचे.

फॅक्ट कोणते, कायदा कोणता

इंग्लिश परंपरेने न्यायाचे काम दोघांत वाटून दिले : फॅक्टचा निर्णय ज्यूरीने करावा, कायद्याचा न्यायाधीशाने. ही वाटणी किती नाजूक आहे ते मुंबईकरांनी १९५९ साली नानावटी खटल्यात पाहिले. सत्र न्यायालयातील ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने आरोपीस निर्दोष ठरविले. न्यायाधीशांना तो निर्णय पटण्याजोगा वाटला नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. ज्यूरीला कायदा समजावून सांगण्यात चुका झाल्या होत्या, असे उच्च न्यायालयास आढळले. त्याने पुरावा स्वतः तपासला आणि आरोपीस खुनाबद्दल दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ च्या नोव्हेंबरात त्यावर शिक्कामोर्तब केले. कायदा चुकीचा समजला तर फॅक्टही चुकीचे ठरते, हा त्याचा इत्यर्थ. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही.

ज्यूरी गेली, पण तो भेद गेला नाही. दिवाणी दाव्यात दुसरे अपील उच्च न्यायालयात करता येते ते केवळ कायद्याच्या प्रश्नावर. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तो प्रश्न महत्त्वाचाही असावा लागतो. फॅक्टविषयीचा निष्कर्ष कितीही ढोबळ चुकीचा वाटला तरी तेवढ्यावरून दुसरे अपील ऐकता येणार नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १८९० सालीच बजावले होते. बांध कोणी सरकविला, पैसे दिले की नाही, मृत्युपत्रावर सही झाली तेव्हा म्हातारा शुद्धीवर होता काय, या गोष्टींचा निकाल खालच्या दोन न्यायालयांतच लागावयाचा. निष्कर्षाला पुरावाच नसेल, किंवा तो अगदीच विपरीत असेल, तर मात्र तो कायद्याचा प्रश्न बनतो व वरचे दार किलकिले होते. तालुक्याच्या गावी साक्षीदार तपासला जात असता जो पक्षकार 'पुढे हायकोर्टात बघून घेऊ' असे म्हणतो, त्याला आपले अर्धे आयुष्य कोणत्या शब्दावर टांगले आहे याची कल्पना नसते.

कायद्याचे अज्ञान क्षम्य नाही, फॅक्टविषयीची चूक मात्र क्षम्य ठरू शकते, हाही याच भेदाचा परिणाम. इंग्लंडहून मुंबईकडे निघालेल्या जहाजातील मालाचा सौदा झाला. पण सौद्याच्या आधीच जहाज बुडाले होते आणि उभयतांना ते ठाऊक नव्हते, तर करार रद्दबातल, असे उदाहरण कराराच्या कायद्यातच दिले आहे. याउलट भारतात लागू असलेल्या कायद्याविषयी गैरसमज होता म्हणून करारातून सुटका नाही. आणि परदेशी कायद्याविषयी चूक झाली तर? ती फॅक्टविषयीची चूक समजावी, असे तोच कायदा सांगतो. म्हणजे लंडनचा कायदा लंडनच्या न्यायाधीशासाठी कायदा, आणि पुण्याच्या न्यायाधीशासाठी पुराव्याने ठरविण्याचे फॅक्ट! 'फॅक्ट' ही वस्तूच्या अंगची जात नसून निर्णयाच्या पद्धतीतील एक जागा आहे, हे याहून चांगले कोणते उदाहरण सांगणार?

राज्यांच्या व्यवहारातही या शब्दाची एक जोडी वावरते : 'डी फॅक्टो' आणि 'डी ज्युरे', म्हणजे प्रत्यक्षात आणि कायद्याने. पाँडिचेरीचा कारभार १ नोव्हेंबर १९५४ रोजी भारताकडे प्रत्यक्षात आला. कायद्याने ते हस्तांतर पूर्ण झाले १६ ऑगस्ट १९६२ रोजी. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. तेथील भारताच्या सार्वभौमत्वाला पोर्तुगालने करार करून मान्यता दिली ती १९७४ च्या ३१ डिसेंबरला. तेरा वर्षे एक गोष्ट घडलेली होती आणि एका पक्षाच्या दप्तरी ती घडलेली नव्हती.

'द फॅक्ट दॅट'

कायद्याच्या इंग्रजीत निदान पुराव्याची शिस्त असते. औपचारिक इंग्रजीत, म्हणजे कचेऱ्यांच्या पत्रव्यवहारात, ती शिस्त सुटते आणि शब्दाचा दिमाख तेवढा उरतो. 'इन व्ह्यू ऑफ द फॅक्ट दॅट' या पाच-सहा शब्दांच्या ठेवणीशिवाय कित्येक साहेबांची लेखणी चालत नाही. अमेरिकन प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ च्या आपल्या लेखनविषयक पुस्तिकेत 'द फॅक्ट दॅट' हे शब्द वाक्यातून काढून टाकावेत असा आग्रह धरला. त्यांची हरकत पाल्हाळाला होती. खरी हरकत त्याहून गंभीर आहे. पॉल आणि कॅरोल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञांनी १९७० साली 'फॅक्ट' याच मथळ्याच्या निबंधात दाखवून दिले की काही वाक्यरचना आपल्या पोटातील विधान सिद्धच आहे असे गृहीत धरून चालतात, आणि मुख्य वाक्य नकारार्थी केले तरी ते गृहीत ढळत नाही. 'तुम्ही पैसे घेतलेत याचे आश्चर्य वाटते' आणि 'तुम्ही पैसे घेतलेत याचे आश्चर्य वाटत नाही' ही वाक्ये एकमेकांच्या उलट आहेत. पण पैसे घेतले हे दोहोंतही ठरूनच गेले आहे.

'आपण परवानगीवाचून गैरहजर राहिलात हे फॅक्ट लक्षात घेता आपणावर कारवाई का करू नये याचा खुलासा करावा', अशा धाटणीची 'कारणे दाखवा' नोटीस नोकरदाराला नवी नाही. वरवर तीत प्रश्न विचारलेला असतो. व्याकरणाने उत्तर आधीच दिलेले असते. खुलासा शिक्षेविषयी मागितला जातो, घटनेविषयी नाही. आणि गोंधळलेला माणूस 'घरी आजारपण होते, एकवार क्षमा व्हावी' असे लिहून देतो. म्हणजे जे शाबीत व्हावयाचे होते ते स्वतःच्या हस्ताक्षरात कबूल करतो.

ही केवळ शब्दांची कुरकुर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ओरिक्स फिशरीज खटल्यात स्पष्ट केले. माशांची निर्यात करणाऱ्या या कंपनीला दिलेल्या नोटिशीतच, तिने निकृष्ट माल पाठविला हे निःसंशय सिद्ध झाले आहे, असे म्हटले होते. नोटिशीच्या टप्प्यावर अधिकाऱ्याचे मन मोकळे असले पाहिजे. दोष ठरवूनच नोटीस काढली तर उत्तर देण्याची संधी हा पोकळ उपचार ठरतो, असे सांगून न्यायालयाने ती नोटीस व तिच्यावर उभारलेली कारवाई रद्द केली. 'आरोप असा आहे की' आणि 'फॅक्ट असे आहे की' या दोन वाक्यारंभांतील अंतर म्हणजे नैसर्गिक न्यायाचे अंतर आहे.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की सत्य असे काही नाहीच, ज्याचे त्याचे फॅक्ट वेगळे. कायद्याची शिकवण नेमकी उलट आहे. जहाज बुडाले होते की नव्हते हे साक्षीदारांच्या मतांवर अवलंबून नसते. परंतु बुडाल्याचे आपणास कळले कसे, कोणी सांगितले, त्याला उलट प्रश्न विचारण्याची संधी दुसऱ्या बाजूला मिळाली काय, आणि ठरविणारा त्रयस्थ होता काय, या प्रश्नांवाचून सत्यापर्यंत जाण्याची दुसरी वाट माणसाला उपलब्ध नाही. कष्टाशिवाय फॅक्ट नाही, एवढेच तो जुना लॅटिन धातू बजावून सांगतो : ती 'केलेली' गोष्ट आहे.

आज छायाचित्रे, चित्रफिती आणि आकडे क्षणार्धात हजारो हातांत पोचतात आणि प्रत्येकाच्या कपाळावर 'फॅक्ट' हा टिळा लावलेला असतो. अशा वेळी १८७२ च्या त्या तीन कोटी शाळेत शिकविण्यासारख्या आहेत : शाबीत, नाशाबीत आणि शाबीत न झालेले. त्यांतील तिसरीपाशी थांबण्याचा संयम ही सुशिक्षितपणाची खूण मानावयास हरकत नाही. नोटीस हाती पडली तर त्यातील प्रत्येक कथन वेगळे काढून कबूल की नाकबूल ते लिहावे. प्रतिज्ञापत्रावर सही करताना पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे करावे. आणि कोणी 'हे फॅक्ट आहे' असे ठासून सांगू लागला तर त्याला नम्रपणे विचारावे, की हे शाबीत कोणी केले, आणि कोणासमोर?